विषय क्रमांक दोन : जांभळाचे झाड काढणे

आमच्या इमारतीचं नाव सुखिया मॅन्शन. मॅन्शन फक्त पाटीवर, आत सरळसरळ चाळ. परळमध्ये अशा पाट्या बऱ्याच आहेत, त्यामुळे कुणी हसत नाही.

मी मीनाक्षी. दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला राहते. इथल्याच एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर सकाळच्या पाळीला बसते. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन दुपारी घरी येते, जेवते आणि तीन वाजता झोपते. ही झोप माझ्या आयुष्यातली एकमेव चैन आहे आणि ती मी कुणासाठीही सोडणार नाही. जावयासाठीसुद्धा नाही.

माझी खिडकी पूर्वेला. म्हणजे दुपारी तिच्यातून ऊन यायचं काही कारण नाही. पण समोर जुन्या गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर झाला, आणि तो दुपारचं सगळं ऊन आपल्या अंगावरून झटकून माझ्या अंथरुणावर टाकतो. पर्यावरणवाले ज्याला पुनर्वापर म्हणतात, तो उन्हाचाही होतो हे मला तेव्हा कळलं. मधे एकच गोष्ट उभी आहे, ती म्हणजे आमच्या मागच्या आवारातलं जांभळाचं झाड. एका वर्षी त्याच्या फांद्या छाटल्या होत्या, तर महिनाभर मी डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून झोपले आणि काउंटरवर सगळ्यांवर खेकसले. त्यामुळे झाड आणि माझी झोप ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता हर्षवर्धन. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लोअर परळला मोठ्या ऑफिसात आहे, इथेच लहानाचा मोठा झाला आणि आता आमच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे. मुलगा वाईट नाही. पण त्याने पांढरी गाडी घेतली आणि मागच्या आवारात जागा एकच, ती जांभळाखाली. जून आला की त्या गाडीला जांभळे ठिपके पडायचे. धुतले तरी जायचे नाहीत. ऑफिसातले लोक विचारायचे म्हणे, गाडीला गोवर झालाय का.

मार्चमध्ये त्याने मीटिंग बोलावली. फळ्यावर दोन विषय लिहिले होते. एक, विभागातल्या मंडळाच्या 'निसर्गाचा मान' भित्तिचित्र स्पर्धेत भाग घेणे. दोन, मागील बाजूचे जांभळाचे झाड काढणे.

आता तुम्हीच सांगा, ह्या दोन ओळी एकाखाली एक वाचल्यावर माणसाला काय वाटेल? आम्हाला तेच वाटलं. पहिला विषय चित्राचा, दुसरा ते कशाचं काढायचं त्याचा. मागच्या भिंतीवर जांभळाचं झाड काढायचं. आमच्या तळमजल्यावर राजरत्न राहतो, जयंतीचे बॅकड्रॉप, मंडपांचे पडदे, दुकानांच्या पाट्या, सगळं रंगवतो. म्हणजे माणूस घरचाच. मला तर कौतुक वाटलं हर्षवर्धनचं.

मीटिंग जिन्याखाली झाली. हर्षवर्धनने विषय दोन वाचला आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

चाळीतले सगळ्यात जुने शामराव काका म्हणाले, "काढायचं तर मुळासकट काढा. अर्धवट कामं मला आवडत नाहीत."

"अगदी बरोबर, काका," हर्षवर्धन खूश झाला. "मुळासकटच काढणार."

पहिल्या मजल्यावरचे ग्रेगरी अंकल म्हणाले, "हाताने काढणार की मशीनने? आजकल सब मशीन से होता है."

"मशीननेच. पटकन होतं."

त्यांच्या डोरिस आंटींनी कपाळाला हात लावला. "मशीनने काढलेल्यात जान नसते रे बाबा. हाताने काढा."

"बरं आंटी, हाताने," हर्षवर्धन म्हणाला. त्याला वाटलं असणार, म्हातारीला करवतीच्या आवाजाचा त्रास होत असेल.

मी विचारलं, "पानं सगळी काढणार ना? नाहीतर नुसता हिरवा गोळा कराल."

"एक पान सुटणार नाही, ताई."

राजरत्न म्हणाला, "भाऊ, पण मला चौदा एप्रिलपर्यंत श्वास घ्यायला टाइम नाय. पुढे बघू."

"तुझं तू सावकाश कर रे, तुझी घाई नाही," हर्षवर्धन म्हणाला. त्याच्या डोक्यात राजरत्नने पुढच्या भिंतीवर दोन हातांत धरलेली पृथ्वी काढायची होती. पृथ्वीला दोन पानं फुटलेली आणि खाली 'सेव्ह अर्थ'.

सगळ्यांचे हात वर गेले. माझा तर सगळ्यात आधी. पाणी, पार्किंग, पायपुसणी, कशावरही कधी एकमत न झालेल्या चाळीत ठराव एकमताने मंजूर झाला. तिथेच संशय यायला हवा होता.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी मागच्या गॅलरीत कोलंबी सोलत बसले होते. खाली राजरत्न डबे मांडून भिंतीवर खडूने खोडाची रेघ मारत होता. हर्षवर्धन बायकोला घेऊन अँटॉप हिलला सासुरवाडीला गेला होता. तेवढ्यात दोर, कोयता आणि करवत घेऊन एक माणूस आवारात आला.

"झाड काढायला आलोय," तो म्हणाला.

"मी पण," राजरत्न म्हणाला.

त्या माणसाने राजरत्नकडे खालपासून वर पाहिलं. "मला कोण बोललंच नाय दुसरा माणूस लावलाय म्हणून. एकटाच आहेस? दोर कुठाय?"

"दोर कशाला? ब्रश आहे."

"ब्रशने झाड निघतं?"

"मस्त निघतं. फक्त टाइम लागतो."

तो माणूस खालीच बसला. त्याचं नाव धोंडू. एवढी वर्षं झाडं पाडतोय पण ही पद्धत आपण बघितली नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि ती बघायला त्याने तंबाखू मळायला घेतली. माझ्या हातातली कोलंबी मात्र हातातच राहिली. मी हर्षवर्धनला फोन लावला.

"अरे, करवत घेऊन एक माणूस आलाय."

"आला ना? काढू दे त्याला झाड. संध्याकाळपर्यंत जागा साफ झाली पाहिजे."

"जागा साफ म्हणजे? झाड तोडणार आहेस तू?"

"'तोडणार' काय म्हणता, ताई," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "किती वाईट वाटतं ते ऐकायला. काढणार. म्हणून तर मुद्दाम तो शब्द घातला. लोक उगाच भडकतात."

झाड भिंतीकडे कललंय आणि सगळ्या रहिवाशांची संमती आहे असं सांगून त्याने पालिकेची परवानगीसुद्धा आणली होती. सगळ्या रहिवाशांची. त्यात माझी. माझ्याच झोपेच्या मुळावर मी स्वतः हात वर करून उठले होते. मला इतका राग आला की राहिलेली कोलंबी मी डोक्यासकट सोलली.

ह्या 'काढणे'चं काय करावं सांगा. आपण दात काढला की तो जातो आणि आठवण काढली की ती येते. फोटो काढतो, भांडण काढतो, दिवस काढतो, कुणाची खोड काढतो. एकाच शब्दाने आपण गोष्टी घालवतोही आणि आणतोही, आणि तरी कधी गोंधळ होत नाही. झाला तो नेमका आमच्या झाडावर.

मी तशीच खाली गेले आणि राजरत्नला सगळं सांगितलं. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग धोंडूला म्हणाला, "दादा, ठराव झालाय हाताने झाड काढायचा. तो हात माझा. आता मी बघितल्याशिवाय काढत नाय. माझं काढून होईपर्यंत ते जागेवर पाहिजे. मग तुझा नंबर."

धोंडूला हे पटलं. आधी ज्याने हात घातला त्याचं काम, हा त्याच्या धंद्यातला नियम होता.

संध्याकाळी हर्षवर्धन आला तेव्हा भिंतीवर अख्खं खोड झालं होतं आणि आम्ही सगळे आवारात उभे होतो. तो मुळांकडे बघत राहिला. शामराव काकांनी आग्रह धरून मुळंसुद्धा काढायला लावली होती, शाळेच्या पुस्तकात असायची तशी. मूळ, खोड, पान, फूल, बाजूला बाण. आपण मीटिंगमध्ये हेच सांगितलं होतं, असं काकांचं म्हणणं.

"हे काय आहे?" हर्षवर्धन ओरडला.

"विषय क्रमांक दोन," मी म्हटलं.

बराच वेळ आरडाओरड झाली. तो म्हणाला, ठराव म्हणजे ठराव. आम्ही म्हटलं, तोच तर पाळतोय. शेवटी तो थकला. स्पर्धेचे परीक्षक जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचे होते आणि पृथ्वीसाठी आता वेळ नव्हता. तो म्हणाला, "ठीक आहे. चित्र पूर्ण होऊ दे. परीक्षक येऊन गेले की दुसऱ्या दिवशी धोंडू येईल. मग कुणी एक शब्द बोलायचा नाही."

पण चित्र पूर्ण होईपर्यंत धोंडू झाडाला हात लावणार नाही, हे आधीच ठरलं होतं. ते पूर्ण होऊ द्यायचं नाही, एवढंच काम माझ्या हातात राहिलं. मी ते मनापासून केलं.

मी प्रत्येक खोलीत गेले. विचारलं, तुमच्या खिडकीतून झाडाचं काय दिसतं? ते राजरत्नला सांगा, तो काढेल. मला वाटलं होतं लोक म्हणतील, झाड दिसतं, आणखी काय दिसणार. पण पहिल्या मजल्यावरून नुसतं खोड आणि त्याच्यावरून चालणारे मुंगळे दिसतात. माझ्या खिडकीतून बुलबुलाचं घरटं दिसतं. शामराव काकांना शेंड्यावर रोज एकाच फांदीवर बसणारी घार दिसते आणि ती आपल्याकडे बघून मान वळवते, असा त्यांचा दावा आहे. एवढी वर्षं आम्ही एकमेकांच्या घरात काय शिजतंय ते बघत होतो असं मला वाटायचं. खरं तर सगळे गुपचूप झाडच बघत होते. मला हे कळलं तेव्हा उगाच डोळ्यांत पाणी आलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

राजरत्न कामावरून आला की संध्याकाळी उजेड असेपर्यंत रंगवायचा. त्याचा एकच बाणा, जे दिसतं ते काढायचं, एक पान इकडे नाही की तिकडे नाही. त्याने ग्रेगरी अंकलचा घात केला.

झालं असं की खोडाला वर एक ढोली आहे. एका रविवारी डोरिस आंटी चर्चमधून आल्या आणि भिंतीपाशी थांबल्या.

"राजू, ढोलीत काय काढलंस? पोपट?"

"नाय आंटी, बाटली."

"कसली बाटली?"

"दिसते तशी काढली. लेबल पण काढलंय. क्वार्टर आहे."

ग्रेगरी अंकल गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर हळूहळू वर गेला आणि तोंडासमोर स्थिर झाला. डॉक्टरांनी बंद केल्यापासून ही व्यवस्था चालू होती आणि आंटींना वाटत होतं की आपला नवरा रोज संध्याकाळी झाडाला मिठी मारतो तो निसर्गप्रेमामुळे. राजरत्नने ओशाळून पांढरा रंग घेतला तर आंटी म्हणाल्या, "खोडू नको. राहू दे. एव्हिडन्स आहे."

धोंडू दर रविवारी यायचा. "निघालं का झाड?" असं विचारायचा, आणि मग बसायचा. एकदा म्हणाला, "मला काढा की. त्या फांदीवर बसलेला." राजरत्नने काढला. पाय खाली सोडून, आरामात. धोंडू जवळ जाऊन निरखत राहिला आणि म्हणाला, "करवत नका दाखवू. बरं नाय वाटत."

मे उलटला. झाड मुद्दामच केल्यासारखं बदलत होतं. हिरवी जांभळं गुलाबी झाली, गुलाबीची काळी व्हायला लागली, आणि राजरत्न बिचारा काल केलेलं आज परत रंगवत होता. हर्षवर्धन येता-जाता घड्याळ बघायचा. एकदा ऑफिसातून आला तो तडक भिंतीकडेच गेला.

"अजून किती? हे काय खरवडल्यासारखं केलंयस खाली?"

"खोडावर आहे ते," राजरत्न म्हणाला. "तीन उभ्या रेघा."

हर्षवर्धन चित्राच्या जवळ गेला. "चुकलंय. मधला सरळ नाही. खाली डावीकडे गेलाय."

"कसला मधला?"

"स्टंप," तो वैतागून म्हणाला. "ब्लेडने कोरताना माझा हात घसरला होता. शामराव काकांनी कान पिळला, म्हणून. आण इकडे."

त्याने राजरत्नच्या हातातून ब्रश घेतला आणि मधला स्टंप वाकडा केला. मग मागे सरून बघितला. मग खऱ्या झाडापाशी गेला, खाली वाकला आणि बोटाने त्या खाचा चाचपल्या. साल वाढून त्या चांगल्या रुंद झाल्या होत्या. मी वरून बघत होते, पण काही बोलले नाही. मला न बोलता येतं हे तेव्हा मलाही नवीनच होतं.

परीक्षक आले. एक बाई आणि एक गृहस्थ. ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मुंगळे, घार, बुलबुल, बाटली, धोंडू. बाईंनी विचारलं, "आणि हे शेजारचं खरं झाड?"

हर्षवर्धनने घसा साफ केला. "ते आता... काढणार आहोत आम्ही."

"अरे वा!" बाईंनी टाळी वाजवली. "आणखी एक काढणार? कुठल्या भिंतीवर?"

"नाही, म्हणजे... ते झाड..."  'तोडणार' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. गृहस्थांनी 'उपक्रम चालू राहणार' असं लिहून घेतलं आणि दोघं गेले.

त्याच संध्याकाळी तो फळ्यासमोर उभा राहिला, कारण मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, "तुला उद्या धोंडूला बोलवायचंय ना? बोलव. पण आधी तो शब्द पूस. जे करायचंय ते लिही आणि मग हात वर करायला सांग. ह्या वेळी वाचून हात वर करू आम्ही."

त्याने खडू घेतला. 'विषय क्रमांक एक. मागील बाजूचे जांभळाचे झाड' इथपर्यंत सरसर लिहिलं. मग थांबला. 'तो' लिहिलं. खडू मोडला. दुसरा घेतला आणि 'डणे' लिहिलं. शब्द मधेच तुटलेला दिसत होता.

"झाड तोडणे," त्याने वाचलं. आवाज एवढासा. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

जिन्याखाली आम्ही सगळे होतो. कुणीही हलेना. ग्रेगरी अंकलनी तर हात खिशात घातले. आपल्या हातांवर त्यांचाच विश्वास राहिला नव्हता. मी हर्षवर्धनकडे बघत होते. एक हात जरी वर गेला असता तरी मी भांडले असते, माझी सगळी तयारी होती. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो त्याने पाठीमागे नेला.

"ठराव नामंजूर," तो म्हणाला. "एकमताने."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण सेक्रेटरी माणूस, शोभलं नसतं. मी म्हटलं, "कोलंबी खायला ये."

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस दोन हातांत धरलेल्या पृथ्वीला गेलं. तिला दोन पानं फुटली होती.

चित्र अजून पूर्ण झालेलं नाही. झाड आहे तोवर होईल असं वाटत नाही. परवा दुपारी वारा सुटला आणि पिकलेली जांभळं टपाटप पडायला लागली. मी नुकतीच आडवी झाले होते. वरून हर्षवर्धनचा आवाज आला, "राजरत्न! अरे माझी गाडी काढ रे, पटकन! चावी टाकतो!"

"काढतो, काढतो," खालून राजरत्न म्हणाला.

मी उठून बघितलं. चावी जमिनीवर तशीच पडली होती. राजरत्नने पांढरा डबा उघडला होता आणि भिंतीवरच्या झाडाखाली गाडी काढायला घेतली होती, जांभळ्या ठिपक्यांसकट.

वरच्या खिडकीतून हर्षवर्धन ओणवा होऊन बघत होता. मला वाटलं, आता ओरडणार.

"मागच्या दारावर आणखी दोन आहेत," तो म्हणाला.

तीन वाजून गेले होते. मी परत जाऊन झोपले.